आभाळातल्या पाहुण्यांचा हिशेब

मैत्रिणींनो, तांदळाच्या डब्याचा तळ दिसायला लागला की घरातल्या पुरुषांना कळतं, तांदूळ संपत आले. आपल्याला मात्र ते चार दिवस आधीच कळलेलं असतं. रोज माप घालताना मनातल्या मनात आपला हिशेब चाललेला असतो. दूध किती आलं, गॅस कधी लावला, पापडांचा डबा कितपत उतरला, हे आपण कुठं मुद्दाम लिहून ठेवत नाही, पण मोजत असतो. आणि मोजत असतो म्हणूनच घरात अचानक काही संपत नाही.

आज मी तुम्हांला असंच एक मोजणं सांगणार आहे. ते डब्यातलं नाही, आभाळातलं आहे. फाल्गुन-चैत्रात डोंगरावर बसून घारी, ससाणे, गरुड आणि गिधाडं मोजायचं. तुम्ही म्हणाल, "इथं घरातली कामं उरकत नाहीत आणि ह्या बाईंना आभाळातल्या घारी मोजायच्या आहेत!" माझ्या जाऊबाईही हेच म्हणाल्या होत्या. त्यांना जे सांगितलं तेच तुम्हांलाही सांगते.

चोपडीतली एक ओळ

आमचं घर महाड शहरात, पण सासर मूळचं पोलादपूरजवळच्या एका लहानशा गावातलं. मी १९९३ साली लग्न होऊन आले तेव्हा तिथं गोठा होता, दोन गाई आणि एक म्हैस होती. त्यातली तांबू नावाची गाय मोठी गुणी. एका शिमग्याच्या सुमारास तिचा पाय सुजला, तिला उठवेना. औषध देणारे गृहस्थ आले, इंजेक्शन टोचून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा टोचलं. तांबूला बरं वाटल्यासारखं झालं, थोडी वैरणही खाल्ली. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

गावाच्या रीतीप्रमाणे तिला माळावर नेऊन टाकलं. दुपारी मी परसदारी भांडी घासत होते. वर पाहिलं तर आभाळात एक ठिपका, मग दोन, मग कितीतरी. गोल गोल फिरत गिधाडं खाली उतरत होती. मला मेलं कसंसंच झालं. मी पदर तोंडाला लावून आत निघून गेले. संध्याकाळपर्यंत माळावर नुसती हाडं उरली होती. ना वास, ना माशा. सासूबाई म्हणाल्या, "झालं, सोनं झालं तिचं."

पुढं गोठा मोडला, गावचं घर बंद झालं, आम्ही सगळे महाडला आलो. जुलै २०२१ मध्ये महाडला जो पूर आला तो तुमच्या लक्षात असेलच. आमच्या खालच्या खोल्यांत छातीएवढं पाणी. जे माळ्यावर होतं तेवढंच वाचलं. चिखल काढून झाल्यावर माळा आवरायला घेतला, तर मामंजींच्या जुन्या जमाखर्चाच्या चोपड्या सापडल्या. मामंजी मोठे हिशेबी. काडेपेटी आणली तरी लिहायचे. चाळता चाळता मार्च १९९७ चं पान निघालं. त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : "तांबूस इंजेक्शन, डायक्लोफिनॅक, दोन वेळा, रु. ६०."

मी तिथंच मटकन बसले. कारण एव्हाना ते नाव मला वर्तमानपत्रांतून ठाऊक झालं होतं.

एका इंजेक्शनची गोष्ट

डायक्लोफिनॅक हे दुखणं आणि सूज कमी करणारं औषध. आपण गुडघे दुखले की घेतो तेच. नव्वदच्या दशकात ते स्वस्त झालं आणि गुराढोरांना सर्रास दिलं जाऊ लागलं. इंजेक्शन दिल्यावर जनावर दोन-तीन दिवसांत मेलं, तर ते औषध त्याच्या मांसात शिल्लक राहतं. ते मांस गिधाडानं खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी होतात आणि ते थोड्याच दिवसांत मरतं.

हे कळायला फार उशीर झाला. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात डॉ. विभू प्रकाश हे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ गिधाडांची घरटी मोजत होते. ऐंशीच्या दशकात तिथं पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी साडेतीनशेच्या घरात होती. नव्वदच्या दशकात त्यांनी पुन्हा मोजली, तेव्हा ती निम्म्याहूनही कमी भरली. घरट्यांच्या खाली, झाडाझुडपांत मेलेली गिधाडं पडलेली. काहीतरी भयंकर घडतंय, हे त्यांच्या आकड्यांनी सांगितलं. तेव्हा रोग असेल असं वाटलं. खरं कारण पाकिस्तानात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या तुकडीनं शोधलं आणि २००४ साली जगापुढं मांडलं. ते म्हणजे हे औषध.

तोवर काय झालं होतं, ऐका. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारातलं एक उरली. हजारातलं एक! लांब चोचीच्या गिधाडांपैकी शंभरातली जेमतेम तीन. आणि यासाठी सगळ्याच गुरांना इंजेक्शन द्यावं लागलं असंही नाही. शास्त्रज्ञांनी गणित मांडलं, तेव्हा मेलेल्या शंभर गुरांतल्या एकाहूनही कमी गुरांत हे विष असलं तरी एवढा संहार होतो असं दिसलं. कारण एका मेल्या जनावरावर गिधाडांचा अख्खा थवा जेवायला बसतो. पंगतीतलं एक पातेलं नासलं की सगळ्या पंगतीला बाधतं, तसंच.

आता सांगते मला काय लागलं ते. आमच्या तांबूमुळंच ती गिधाडं मेली असं मी म्हणत नाही. पण मेली नाहीत असंही छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. मी सासूबाईंना विचारलं, "त्या दिवशी किती गिधाडं आली होती हो?" त्या चौऱ्याऐंशीच्या आहेत, पण स्मरण लख्ख. म्हणाल्या, "असतील वीस-पंचवीस. नाहीतर चाळीस. कोण मोजतंय गं त्या मेल्यांना!"

मामंजींनी साठ रुपये लिहिले, गिधाडं लिहिली नाहीत. आपण कुणीच लिहिली नाहीत. भरल्या घरात कोण मोजतं? म्हणून कधी गेली ते कळलं नाही, आणि किती गेली ते तर आता कधीच कळणार नाही. त्या दिवशी मी मुलाची एक कोरी वही घेतली आणि वर लिहिलं : "आभाळाचा जमाखर्च."

बायकांनी राखलेला डोंगर

हा उद्योग माझ्याच डोक्यातून निघाला असं मात्र समजू नका. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात हॉक माउंटन नावाचा डोंगर आहे. दर वर्षी पानगळीच्या दिवसांत तिथून हजारो ससाणे, गरुड दक्षिणेकडं जातात. पूर्वी तिथं शिकारी रांगेनं बसून गंमत म्हणून त्यांना गोळ्या घालीत. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या रोझली एज नावाच्या बाईंना हे कळलं. स्त्रियांना मताचा हक्क मिळावा म्हणून झगडलेल्या त्या बाई. त्यांनी १९३४ साली तो डोंगरच भाडेपट्ट्यानं घेतला आणि मॉरिस ब्राउन नावाच्या तरुणाला राखणदार नेमलं. मॉरिस वर बसून पक्षी मोजायचे आणि त्यांच्या पत्नी अर्मा खाली रस्त्यावर उभ्या राहून बंदूकवाल्यांना परत पाठवायच्या. त्याच वर्षी सुरू झालेली ती मोजणी आजही चालू आहे.

त्या मोजणीचा उपयोग काय झाला? रेचल कार्सन यांनी १९६२ साली 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक लिहून डीडीटीसारख्या कीटकनाशकांचे दुष्परिणाम जगाला दाखवले. त्यात त्यांनी हॉक माउंटनचे आकडे दिले. १९३५ ते १९३९ या काळात तिथं दिसणाऱ्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडांत शंभरातली चाळीस पिलं असायची. वीस वर्षांनी ती वीसवर आली. म्हणजे गरुड दिसत होते, पण त्यांच्या घरी पाळणा हलत नव्हता. हे नुसत्या बघण्यानं कळलं नसतं, दर वर्षी लिहून ठेवल्यानं कळलं.

आपल्याकडचे पाहुणे

आता आपल्या सह्याद्रीकडं येऊ. आधीच सांगते, इस्राएलमधल्या इलात गावावरून वसंतात जसे लाखो शिकारी पक्षी जातात तसा देखावा इथं नाही. आपल्याकडचे पाहुणे एकेकटे, दुकटे येतात आणि तसेच जातात. लग्नाची वरात नव्हे, माहेरवाशिणी म्हणा.

थंडीत हे पक्षी उत्तरेकडून, मध्य आशियातून आपल्याकडं येतात. भातखाचरांवरून आणि गवताळ माळांवरून जमिनीलगत तरंगत जाणारे भोवत्या, हवेत एका जागी पंख फडफडवत थांबणारी खरुची, आणि उत्तरेकडच्या अंगानं थोराड घारी. ऊन तापायला लागलं, पळस आणि काटेसावर फुलून गळायला आली की ही मंडळी परत निघतात. मार्च आणि एप्रिल हे त्यांच्या निरोपाचे महिने.

सगळ्यांत लांबचा प्रवास करतो तो अमूर ससाणा. वजनानं दीडशे ग्रॅम, म्हणजे आपल्या एका वाटीभर डाळीएवढा. सैबेरिया, मंगोलिया आणि उत्तर चीनमधून तो ईशान्य भारतात येतो, मग भारत ओलांडतो, अरबी समुद्र न थांबता पार करतो आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत जातो. एप्रिल-मेमध्ये पुन्हा उलटा प्रवास. २०१२ साली नागालँडमध्ये डोयांग जलाशयाजवळ हे ससाणे जाळी लावून लाखाच्या वर मारले गेले. बातमी फुटली. पुढच्याच वर्षी तिथल्या गावकऱ्यांनी, चर्चनं आणि सरकारनं मिळून ही हत्या पूर्ण थांबवली. त्याच वर्षी तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाचं यंत्र बसवलं आणि त्यांना नावं दिली नागा, वोखा आणि पांगती. यातलं पांगती हे त्या गावाचंच नाव. एका वर्षात गाव बदलू शकतं, हे आपण लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पाहुण्यांखेरीज घरची मंडळी आहेतच. तुरेवाला सर्पगरुड, काळा गरुड, शिक्रा, कापशी, कड्यांत राहणारा शाहीन ससाणा आणि आपली नेहमीची घार. ही बाराही महिने इथंच असतात.

डोंगरच का?

मोठ्या पंखांच्या पक्ष्यांना सतत पंख मारणं परवडत नाही. ते उन्हाचा फायदा घेतात. सकाळी नऊ-साडेनऊनंतर कातळ तापतो, त्याच्यावरची हवा गरम होऊन वर चढते. कढईतल्या उकळत्या पाण्याचे बुडबुडे वर येतात ना, तशी. पक्षी त्या हवेत शिरतो, पंख पसरून गोल गोल फिरत फुकटात उंच जातो आणि तिथून घसरगुंडीवरून यावं तसा पुढच्या डोंगराकडं घसरत निघतो. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की तो सह्याद्रीच्या भिंतीला थडकून वर उसळतो, तोही त्यांना उचलतो. म्हणून घाटमाथ्याच्या कड्यांवर शिकारी पक्षी हमखास दिसतात.

कुठं बसायचं, काय न्यायचं?

पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणाऱ्या आंबेनळी घाटात, महाडहून भोरकडं जाणाऱ्या वरंध घाटात किंवा रायगडावर. घाटात वळणावर उभं राहू नका, रस्ता अरुंद आहे. रुंद मोकळी जागा बघून, रस्त्यापासून दूर, कठड्याच्या आतल्या बाजूला बसा. वयस्कर बायका बरोबर असतील तर रायगडच बरा. हिरकणीवाडीहून रोपवेनं वर जाता येतं. दुधाच्या चरव्या सोडून लेकरासाठी रात्रीच्या अंधारात कडा उतरलेल्या हिरकणीची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तिच्या बुरुजाकडं जाल तर एक मौज पाहा : उडणाऱ्या घारीची पाठ दिसते! एरवी आपल्याला तिचं पोटच दिसतं.

सामान थोडंच. एक वही, दोरीनं बांधलेली पेन्सिल, घड्याळ आणि जमली तर दुर्बीण. नवी घ्यायची असेल तर आठ पट दाखवणारी पुरे. जास्त पटीची हातात थरथरते आणि बघून बघून डोकं दुखतं. पांघरायला सुती ओढणी, डोक्याला टोपी किंवा पदर. कपडे मातकट, हिरवट रंगाचे. लालभडक, चकचकीत साडी नको. मार्चमध्ये उन्हाचा तडाखा असतो, म्हणून पाणी माणशी दोन लिटर तरी. आम्ही कोकम सरबत आणि दशम्या-चटणी नेतो. दशमी दुपारपर्यंत मऊ राहते आणि तिला सांडलवंड नाही. प्लास्टिकच्या पिशव्या घरी परत आणायच्या, हे तुम्हांला सांगायला नको.

ओळखायचं कसं?

आपला हात वर करा आणि बोटं पसरा. ज्या पक्ष्याच्या पंखाची टोकं अशी पसरलेल्या बोटांसारखी दिसतात तो गरुड किंवा गिधाड. आता बोटं जुळवून हात टोकदार करा. असे पंख दिसले तर ससाणा. एवढ्यानं निम्मं काम होतं.

घारीच्या शेपटीला मधे खाच असते, चिमट्यासारखी. भोवत्या पंख किंचित वर धरून इंग्रजी व्ही अक्षरासारखा तरंगतो. सर्पगरुडाच्या पंखाखाली आडवा रुंद पांढरा पट्टा असतो आणि तो उडताना शीळ घातल्यासारखा ओरडतो, म्हणून दिसण्याआधी ऐकू येतो. काळा गरुड सावकाश, अगदी झाडांच्या शेंड्यांना लागून उडतो. शिक्रा लहानखुरा, चार-सहा वेळा पंख मारतो, मग तरंगतो. आणि गिधाड? पंख फळीसारखे सरळ आणि रुंद, शेपूट आखूड, डोकं एवढंसं. दुरून बघताना डोकं नाहीच असं वाटतं.

नाव आलं नाही तर खोटं लिहू नका. "मोठा, अनोळखी, १" असं लिहा. हिशेबात 'किरकोळ' म्हणून रकाना असतोच की!

मोजायचं कसं?

एकच घार पुन्हा पुन्हा डोक्यावरून गेली तर ती दहा वेळा मोजली जाईल. त्यासाठी समोरचे दोन सुळके ठरवा आणि त्यांच्यामध्ये मनानं दोरी बांधा, वाळवणासाठी बांधतो तशी. दोरी ओलांडून जो पलीकडं गेला तोच मोजायचा. चार-पाच पक्षी एकत्र घिरट्या घालत असतील तर थांबा. तेव्हा मोजायला गेलं की हमखास चुकतं. वर जाऊन ते एकामागून एक रांगेनं सुटतात, तेव्हा मोजा.

दूधवाल्याच्या खाड्यांसाठी कॅलेंडरवर रेघा मारतो तशाच चार उभ्या आणि पाचवी आडवी. दर तासाला नवी ओळ. वारा कुठून, ऊन की ढग, डोंगरावर वणवा आहे का, हेही लिहा. वणव्याच्या कडेला पळणारे किडे-सरडे टिपायला घारी जमतात, त्यामुळं त्या दिवशी आकडा फुगतो. पुढच्या वर्षीही तोच महिना, तीच जागा, तेवढेच तास. नाहीतर तुलना कशाशी करणार?

आणि सगळ्यांत महत्त्वाचं : काही दिसलं नाही तर शून्य लिहायचं. रकाना मोकळा सोडायचा नाही. मोकळा रकाना म्हणजे बघितलंच नाही. शून्य म्हणजे बघितलं, आणि नव्हतं.

आमची वही

पहिल्या खेपेला मी आणि आमचे हे, दोघंच आंबेनळी घाटात गेलो. चार तास बसलो. घारी अकरा, सर्पगरुड तीन, शिक्रा दोन, कापशी एक, अनोळखी दोन. ह्यांना मध्येच डुलकी लागली, तेवढ्यात एक ससाणा सुर्रकन गेला. तो एक. गिधाड शून्य.

पुढच्या वर्षी जाऊबाई आल्या, "बघू तरी काय वेड आहे" म्हणत. अर्ध्या तासानं दुर्बीण त्यांच्याच हातात होती आणि आम्हांला ती मागून घ्यावी लागत होती. गिधाड शून्य.

तिसऱ्या वर्षी सासूबाईंना गाडीत बसवून नेलं. त्यांना दुर्बिणीतून काही दिसेना. पण आम्ही वही उघडली की त्या विचारायच्या, "आली का गं ती?" आम्ही म्हणायचो, नाही. मग त्या म्हणायच्या, "लिही, नाही आली म्हणून. लिहून ठेव."

रायगड जिल्ह्यातून गिधाडं अगदी नाहीशी झालेली नाहीत, हे इथं आवर्जून सांगायला हवं. महाडमधल्याच 'सिस्केप' या संस्थेनं, प्रेमसागर मेस्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, म्हसळा तालुक्यातल्या चिरगावच्या जंगलात गावकऱ्यांना आणि वनखात्याला बरोबर घेऊन पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची वर्षानुवर्षं राखण केली. घरट्यांवर लक्ष ठेवणं, विषारी नसलेलं मेलेलं जनावर त्यांच्यापर्यंत पोचवणं, ही कामं ऐकायला सोपी, करायला कठीण. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेनंही कोकणातल्या गिधाडांसाठी असंच काम केलं आहे. त्यात ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर येऊन आदळलं, मोठमोठी झाडं आडवी झाली. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, आणि पिलू स्वतः संसाराला लागायला चार-पाच वर्षं जातात. तेव्हा गेलेलं भरून यायला किती काळ लागेल, याचा हिशेब तुम्हीच मांडा.

आपल्या हातात काय?

"आता आमच्याकडं गोठा कुठं आहे?" असं तुम्ही म्हणाल. पण माहेरी असेल, दीर-नणंदांकडं असेल, दूध घालणाऱ्या गवळ्याकडं तर नक्की असेल. त्यांना एवढंच सांगा : डायक्लोफिनॅकवर जनावरांसाठी २००६ पासून बंदी आहे. माणसांसाठी असलेल्या मोठ्या कुप्यांतून ते गुरांना टोचलं जात होतं, म्हणून २०१५ साली ३ मिलिलिटरहून मोठ्या कुप्याही बंद झाल्या. किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक ही औषधंही गिधाडांना मारतात, त्यांच्यावर २०२३ साली बंदी आली. गुराला सूज-ठणका असेल तर मेलॉक्सिकॅम चालतं. ते गिधाडांना बाधत नाही. डॉक्टरांना न लाजता विचारायचं, "कुठलं औषध देताय? चिठ्ठीवर लिहून द्या." आपल्या मुलाला डोस देताना आपण बाटलीवरचं नाव वाचतो, तसंच हे.

आणि गिधाडं नसली तर आपलं काय अडतं, असं कुणी विचारलं तर त्याचंही उत्तर आहे. मेलेली गुरं कुजत पडतात, भटकी कुत्री वाढतात, पाणी नासतं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन अर्थशास्त्रज्ञांनी अंदाज काढला की, गिधाडं गेल्यामुळं २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची दगावली. ज्यांना आपण 'मेली' म्हणून नाक मुरडलं, ती आपल्या घरचीच सफाई करत होती.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या फाल्गुनात एक रविवार काढा. डोंगर जवळ नसेल तर गच्चीवर जा, दहा ते बारा. पापड वाळत घालताना कावळे हाकलायला कुणीतरी बसतंच, तिच्याच हातात वही द्या. नातवंडांना रेघा मारायला सांगा; त्यांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते.

आमच्या वहीत या वर्षीही गिधाडांच्या रकान्यात शून्यच आहे. पण पुढच्या वर्षाचं पान मी आखून ठेवलं आहे, आणि घारीच्या आधी, अगदी पहिला रकाना त्यांचाच ठेवला आहे. सासूबाईंनीच तसं सांगितलं.